बायनाआत्याच्या चार ओळी

ताडकळस,
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय सृष्टी,
सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत, तूही पुण्यात बरी असशील.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. पोस्टमन वस्तीत क्वचितच येतो, त्यामुळे पाकीट आमच्या दारात येईपर्यंत चार घरांना कळलं होतं की धम्मशीलाला पुण्याहून काहीतरी आलंय. पप्पांना वाटलं, माझ्या नोकरीचं आलं. त्यांनी हात धुऊन पाकीट हातात घेतलं. मी म्हणाले, सृष्टीचं आहे. ते म्हणाले, "हां, त्या झरीच्या पोरीचं. लय हुशार पोरगी." आणि परत ठेवून दिलं.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातच तुझा लेख एवढ्या मोठ्या ग्रंथात येतोय आणि नोव्हेंबरमध्ये तो वाचायला तू कोलंबोला जाणार आहेस, हे वाचून खूप आनंद झाला. मनापासून अभिनंदन. आपल्या कॉलेजात पालीच्या सरांनी पेपरातलं कात्रण फलकावर लावलंय म्हणे. 'झरीच्या लेकीची श्रीलंकेला झेप.' फोटोत तू डोळे मिटलेत, पण छान दिसतेस.

माझं तेच चाललंय. शाळेत तासिकेवर सातवी-आठवीला मराठी शिकवते. सेट परीक्षेत या वेळीही थोडक्यात राहिलं. वर्षावास सुरू झालाय, त्यामुळे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचायला मीच. वाचून झालं की बायनाआत्या बायांना पुढे घालून वंदना म्हणते, आणि शेवटी त्या तिच्या चार ओळी. तुझ्या लेखाचं शीर्षक मी तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "माझं नाव हाय का त्याच्यात?" मी आहे म्हणाले. ती म्हणाली, "मग वाचू नको पुढं, दिष्ट लागंल."

आत्याच्या ओळी छापायला तू पाठवलेलं संमतीपत्र नीट ठेवलंय. आत्याची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. आत्याला सही करता येते, अंगठा नको म्हणते. सध्या तिचे गुडघे फार दुखतायत, म्हणून जरा थांबते. सवडीने पाठवते. घाई नसेलच.

तुझ्या आई-बाबांना नमस्कार कळव. झरीला कधी येणार?

तुझी,
धम्मशीला



ताडकळस,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय सृष्टी,
जयभीम.

तुझे चार मेसेज आले, दोन फोन आले. फोनवर मी "हो गं, पाठवते" म्हणाले. फोनवर मला तसं म्हणता येतं. कागदावर हात अडतो, म्हणून कागदावर लिहितेय.

संमतीपत्र अजून इथेच आहे. आत्याचे गुडघे बरे आहेत. ते कारण नव्हतं.

परवा विहार समितीची बैठक झाली. दत्तराव काका अध्यक्ष आहेत, तुला आठवत असतील, तुझ्या रेकॉर्डिंगच्या वेळी मध्येमध्ये खोकत होते ते. ठरलं असं की अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होईल, त्या दिवशी तुझा सत्कार करायचा. शाल, बुद्धांची मूर्ती, आणि तुझं भाषण. तुझा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे. दत्तराव काका सगळ्यांसमोर म्हणाले, "परक्या घरची पोरगी असून आपल्या बुद्धाचा अभ्यास करायली, इमानात बसून चालली. आन आपल्या पोरी? सेट, सेट करीत बसल्यात." लोक हसले. पप्पाही हसले. मला पप्पांचं हसणं लागलं.

सृष्टी, मला तुझा हेवा वाटतो.

आता पुढचं लिहिते, कारण एवढं लिहिल्यावर थांबण्यात अर्थ नाही.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी तू पाली का घेतलीस ते मला माहीत आहे. तुझ्या बाबांना कुणीतरी सांगितलं होतं की या विषयाला मार्क चांगले पडतात. मी घेतली ती आमच्या घरात कुणाला ती भाषा समजत नव्हती आणि सगळ्यांना ती पाठ होती म्हणून. जन्मापासून कानावर पडलेल्या त्या शब्दांचा अर्थ घरी आणायचा, एवढं माझं स्वप्न होतं. आमच्या घरातली पहिली पदवी मी त्यासाठी घेतली. आणि पहिल्याच सहामाहीला तुला ब्याऐंशी आणि मला एकसष्ट. भन्तेजी कॉलेजात आले होते तेव्हा मी सगळी वंदना न अडखळता म्हणून दाखवली. त्यांनी विचारलेला अर्थ मात्र मला आला नाही, आणि मागच्या बाकावरून तू उठून सांगितलास. त्या दिवशी बसस्टँडवर तू मला उसाचा रस पाजलास. तुला वाटलं, मी उन्हाने गप्प आहे.

मला लाज वाटते. बुद्ध कुणाच्या मालकीचा नाही, हे मी दर रविवारी विहारात मुलांना शिकवते. अमुक घरात जन्मला म्हणून कुणाला ज्ञान वर्ज्य नाही, हे तर मी शाळेतही ओरडून सांगते. आणि घरी आले की मनात येतं, हे आमचं होतं, हिने का घेतलं? तुला ते फुकट मिळालं नाही, तेही मला ठाऊक आहे. तुझ्या काकूंनी तुझ्या टेबलावरचा बुद्धांचा फोटो उचलून माळ्यावर टाकला होता. "असलं शिकून लगीन कसं व्हायचं हिचं," म्हणून तुझी आई माझ्यासमोर रडली होती. तरीसुद्धा. हेवा काही हिशेबाने वागत नाही.

एक विचारते. लेखात तू लिहिलंयस की आत्याच्या ओळी तुला ताडकळसखेरीज आणखी चार गावांत ऐकायला मिळाल्या. त्या बायांना तू विचारलंस का, की तुम्ही हे कुणाकडून शिकलात? आणि त्यांची माहेरं कुठली? मला वाटतं, विचारायला हवं होतं. एवढंच.

परिचय मी लिहून देईन, पण बोलायला दुसरं कुणी बघा, असं मी दत्तराव काकांना सांगितलंय. ते ऐकणार नाहीत.

धम्मशीला



ताडकळस,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय सृष्टी,

या वेळी ख्यालीखुशाली शेवटी लिहीन. ग्रंथ तीस तारखेला छापायला जाणार, असं तू कळवलंस. उद्या सकाळी परभणीला जाऊन हे पत्र स्पीडपोस्टाने टाकते, म्हणजे तुझ्या हातात आठ-दहा दिवस राहतील.

त्या चार ओळी मी रचल्या आहेत.

तू परत वाचशील म्हणून परत लिहिते. 'बायनाबाई यांना त्यांच्या सासूकडून मौखिक परंपरेने मिळालेल्या' म्हणून तू ज्या ओळींवर लेख लिहिलास, त्या मी सातवीत असताना, बारा वर्षांची असताना, आमच्या ओसरीवर बसून रचल्या.

आत्याला वाचता येत नाही, आणि विहारात बायांच्या पुढे बसून वंदना म्हणायची तिची फार इच्छा. कुणीतरी तिला वंदनेची छोटी पुस्तिका आणून दिली होती. मी रोज शाळेतून आल्यावर वाचायचे, ती ऐकून पाठ करायची. शेवटचं पान नव्हतं. ते मीच फाडून भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. तिथपर्यंत आलो आणि आत्या म्हणाली, "वाच की पुढं." पान फाडलं म्हणून सांगायची मला भीती वाटली. म्हणून मी पुढे वाचलं.

वाटेला लागलेल्याला सावली भेटो,
उसाला गेलेल्याच्या दाराला दिवा भेटो,
तहानल्या गुराला कोणाच्याबी आडावर पाणी भेटो,
ज्याचं नाव माझ्या तोंडी येत न्हाई, त्याचंबी भलं होवो.

आत्याने विचारलं, "हे पालीत न्हाई का?" मी म्हणाले, "मराठीत अर्थ दिलाय." तिला फार आवडलं. महिनाभरात विहारातल्या सगळ्या बाया म्हणायला लागल्या. पुढे लग्न होऊन ज्या पोरी गेल्या त्या आपापल्या सासरी घेऊन गेल्या. तुझी ती चार गावं. नीट चौकशी केलीस तर चारही ठिकाणी ताडकळसची लेक सापडेल.

तू लिहिलंस की वस्तीतला आड बुजून हातपंप आला त्याला पन्नास वर्षं झाली, म्हणजे ओळी त्याआधीच्या असणार. मी आड घातला कारण आत्याच्या प्रत्येक गोष्टीत आड असायचा. हातपंपावर कुणाचीच गोष्ट नव्हती. शेवटच्या ओळीवर तर तू दोन पानं लिहिलीस. ज्या मालकाचं नाव घ्यायची मुभा नव्हती त्यालाही मैत्रीभावनेत सामावून घेणारी पिढ्यांची आठवण, असं. सृष्टी, ती निकिता होती. माझ्या वर्गातली. मला हवी होती ती शिष्यवृत्ती तिला मिळाली, म्हणून मी तिचं नाव घेणंच टाकलं होतं. आत्या रोज म्हणायची, कुणाचं वाईट चिंतू नये. म्हणून नाव न घेता भलं चिंतलं. लहानपणापासून मी अशीच आहे, बघ.

आता त्या दिवसाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी तू स्कूटीवरून आलीस. रेकॉर्डर पत्र्याच्या डब्यावर ठेवलास, आणि डबा वाजतो म्हणून मी तो हातात धरला. तू आत्याला विचारलंस, "हे कुणाकडून शिकलात?" आत्या म्हणाली, "सासूकडून." मी रेकॉर्डर धरून बसले होते. तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता सांगितलं तर हिचा हिरमोड होईल. पहिल्या दिवशी मी गप्प बसले ते खरंच तेवढ्यासाठी.

पण दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तू पुण्याला परत गेल्यावर सांगता आलं असतं. फेलोशिप मिळाली तेव्हा, विभागात पहिल्यांदा तो लेख वाचलास तेव्हा. तेव्हा मी गप्प का बसले? मी वाट पाहत होते. तू आणखी उंच जावंस आणि मग कधीतरी कुणालातरी हे कळावं, याची. माझ्या ओळींवर तू नाव कमावतेस आणि मी फलकावरचं कात्रण वाचते, हे मला सहन होत नव्हतं. आणि आतून एक विचित्र आनंदही होता. तू लिहिलंस ना, 'भाषेची सहजता आणि करुणेची व्याप्ती पाहता या ओळी एका व्यक्तीची निर्मिती वाटत नाहीत.' ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं कधी लिहिलेलं नाही, आणि त्यातही मी नाही असंच लिहिलेलं आहे.

जुलैत तुझ्या मार्गदर्शक बाईंना मी एक निनावी ईमेल लिहिला होता. पाठवला नाही. पण पुसलाही नव्हता, आज पुसला. हेही तुला माहीत असावं.

काल आत्याला सगळं सांगितलं. ती दारात बसून उडदाच्या शेंगा सोलत होती. बाहेर सारखा पाऊस, सोयाबीन पाण्यात उभं. मी म्हणाले, "आत्या, त्या चार ओळी पुस्तकात नव्हत्या. मी रचल्या होत्या."

"मग?"

"मग म्हणजे? तुला ठाव होतं?"

"अगं, तू वाचताना अक्षराखाली बोट धरायचीस. त्या दिशी बोट न्हवतं. आढ्याकडं बघून वाचायलीस. मला वाचता येत न्हाई, डोळे तर हायेत की."

मी विचारलं, "मग सृष्टीला सासूचं का सांगितलंस?"

"बारा वर्साच्या पोरीनं केलं म्हणलं असतं तर विहारातल्या त्या तानुबाईनं तोंड उघडलं असतं का? सासूचं म्हणलं की समद्या गुमान म्हणत्यात. म्हणून बायास्नी पयल्यापासून तसंच सांगितलं. ती पोरगी आली, तिलाबी तेच." मग शेंग मोडत म्हणाली, "आन माझ्या सासूनं जित्तेपणी मला एक गोड शबुद दिला न्हाई. म्हणलं, मेल्यावर तरी तिच्या नावानं काही बरं निघू दे."

मी हसले, तीही हसली. मग मी संमतीपत्र काढलं आणि वाचून दाखवलं. 'हे पठण मी माझ्या सासूकडून ऐकून शिकले.' आत्याने मान हलवली. "तोंडानं बोलले ते येगळं. कागदावर न्हाई करायची सही. त्या पोरीला सांग."

"तिचा लेख चुकीचा ठरेल, आत्या."

"चुकीचा काहून? बाया म्हणत्यात का न्हाई?"

"म्हणतात. पण ते जुनं नाही."

"मग जुनं न्हाई असं ल्ही म्हणावं." तिला ते एवढं सोपं वाटलं. मग तिने शेंगा बाजूला सारल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "मी अडाणी, मला तिचा लेख म्हंजी काय ते कळत न्हाई. तुला तर कळत होतं. तू दोन वर्सं गप का बसलीस?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला वर दिलंय.

तर संमतीपत्र सहीविना परत पाठवतेय. तुझ्यापुढे काय आहे ते मला दिसतंय. लेख मागे घेतलास तर ग्रंथात जागा नाही आणि कोलंबोही नाही. बदललास तर आठ-दहा दिवसांत सगळं उलटं लिहावं लागेल, आणि प्रबंधाचं ते अख्खं प्रकरणही. तुझ्या विभागात लोक कुजबुजतील. झरीत तुझ्या काकू म्हणतील, बघा, हेच होणार होतं. हे सगळं मला लिहिताना दिसत होतं आणि त्यातलं काही लिहिताना मला बरं वाटत होतं. हे पत्र मी खरेपणासाठी लिहितेय की तुला खाली ओढायला, हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारलं. दोन्ही असावं. पण दोन्ही असलं तरी पत्र खरंच आहे.

आत्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. आणि माझं नाव घालावंस म्हणूनही हे लिहिलेलं नाही. म्हणजे, नाव यावं असं वाटतं. फार वाटतं. पण त्यासाठी नाही.

ख्यालीखुशाली राहिली. पप्पा बरे आहेत. अश्विन पौर्णिमेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे आहे, परिचय मीच करून देणार आहे. त्या दिवशी मी काय बोलायचं ते तुझ्यावर आहे. तू सांगितलंस तर सांगेन. नाही सांगितलंस तर शाल आणि मूर्ती, फोटो, टाळ्या, सगळं नीट होईल. या गोष्टीचा पुरावा कुठेही नाही. ती पुस्तिका कधीच गेली, आत्या कुणाला बोलणार नाही, आणि या पत्राची नक्कल किंवा फोटो मी ठेवलेला नाही. तू हे फाडून टाकलंस तर मीही जन्मात कुणाला सांगणार नाही, हा माझा शब्द.

फक्त एवढं लक्षात ठेव. तू हे फाडलंस तर त्या दिवसापासून मला तुझा हेवा वाटणार नाही. कधीच नाही, तू कितीही विमानात बसलीस तरी. आणि तू उठून सगळ्यांसमोर "माझं चुकलं" असं सांगितलंस, तर मला आजच्यापेक्षा दसपट वाटेल, कारण ते माझ्याने दोन वर्षांत झालं नाही.

सृष्टी, मला तो हेवा वाटायला हवाय.

त्याची वाट पाहणारी,
धम्मशीला